आरपी कार्ड हरवलं आणि नागरिकत्वाचा अर्ज करायचाय: कोल्हापूर जिल्ह्यातल्या परदेशी सुना-जावयांसाठी

लग्न करून कोल्हापुरात आलेली परदेशी सून किंवा जावई काही वर्षांनी भारतीय नागरिकत्वाच्या अर्जाचा विचार करू लागतो. फाईल जुळवताना कळतं की रेसिडेन्शियल परमिट, म्हणजे परदेशी माणसाचा निवासी परवाना, ज्याला सगळे नुसतं 'आरपी' म्हणतात, तेच सापडत नाही. घरात रडारड सुरू होते, कुणीतरी एजंटाचा नंबर देतो. आधी शांतपणे एवढं समजून घ्या: कागद हरवला म्हणून कायदेशीर वास्तव्य हरवत नाही. नोंद पोलिसांच्या दप्तरी आणि ऑनलाइन यंत्रणेत असतेच. खरा धोका वेगळा आहे. कार्ड हरवलंय म्हणून त्याची मुदत कधी संपते याकडे दुर्लक्ष होतं, आणि मुदत उलटली की माणूस विनापरवाना राहिल्यासारखा होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मुदत तपासा, मग कार्डाची नोंद सरळ करा, आणि नागरिकत्वाचा अर्ज त्यानंतर.

मुदत उलटली तर नेमकं काय बिघडतं

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५(१)(सी) खाली, भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या आणि अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेल्या व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मिळू शकतं. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला अट आहे की अर्जदार 'बेकायदा स्थलांतरित' नसावा. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत, योग्य कागदांवर आलेला पण परवानगीच्या मुदतीनंतर थांबलेला माणूसही बेकायदा स्थलांतरितात मोडतो. म्हणजे फक्त सीमा चोरून येणारा नव्हे. व्हिसाची तारीख विसरलेली सूनही त्यात येऊ शकते.

याचा दुसरा परिणाम तर बऱ्याच घरांना माहीतच नसतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी, आई-वडिलांपैकी एक भारतीय असेल तर दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. त्यामुळे बाळंतपणाच्या धावपळीत आईच्या व्हिसाची मुदत गेली, तर प्रश्न आईपुरता उरत नाही. गरोदरपणात दवाखान्याच्या फाईलसोबत व्हिसाची तारीखही लिहून ठेवा, एवढं कळकळीने सांगतो.

मुदत उलटलीच असेल तर लपवू नका. ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरून उशिराचं कारण देऊन मुदतवाढीचा अर्ज करा, लागेल तो दंड भरा आणि नियमित झाल्याचा आदेश जपून ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा, २०२५ लागू आहे, १९४६ चा जुना कायदा गेला. 'पूर्वी चालायचं' हा युक्तिवाद आता कुठल्याच टेबलावर करू नका.

नक्की काय हरवलं ते आधी ठरवा

२०१८ पासून ई-एफआरआरओवर केलेल्या अर्जांची आरपी ईमेलवर पीडीएफ म्हणून येते. ती प्रिंट हरवली असेल तर काहीच हरवलेलं नाही. ज्या ईमेलने खातं उघडलं होतं तिथे शोधा, खात्यात लॉगइन करून जुना अर्ज उघडा, पुन्हा छापा. इथे नेहमी एकच घोटाळा होतो: खातं नवऱ्याच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, किंवा अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर काढलेलं असतं. तसं असेल तर नवं खातं काढून नव्यानं सुरुवात करू नका, एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि त्या जुळवण्यात वेळ जातो. आधी जुना ईमेल परत मिळवायचा प्रयत्न करा. नाहीच मिळाला तर पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन लेखी सांगा.

हाताने भरलेलं, शिक्क्याचं जुनं पुस्तक किंवा कार्ड हरवलं असेल, तर खाली दिलेली पोलीस तक्रार करावीच लागते. आणि पासपोर्टसकट हरवलं असेल तर कामाचा क्रमच बदलतो. तेव्हा पोलीस तक्रार, मग त्या देशाच्या दूतावासाकडून किंवा मुंबईतल्या वकिलातीकडून नवा पासपोर्ट, मग नव्या पासपोर्टवर व्हिसाची नोंद, आणि शेवटी आरपी. मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं, पण वकिलातीची अपॉइंटमेंट आधी घ्या, नुसतं दारात जाऊन काम होत नाही. या काळात देशाबाहेर जायची वेळ आली तर हरवलेल्या पासपोर्टवरच्या व्हिसासाठी एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडण्याची परवानगी, लागतं. विमानतळावर जाऊन ते मिळत नाही, आधी ई-एफआरआरओवर अर्ज करावा लागतो.

पोलीस तक्रार: गहाळ की चोरी

जिथे हरवलं त्या हद्दीतल्या ठाण्यात जा. शहरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी आणि जुना राजवाडा ही ठाणी आहेत, मध्यवर्ती बसस्थानकाचा भाग शाहूपुरीत येतो. रेल्वेत हरवलं तर रेल्वे पोलिसांकडे. वस्तू आपल्याकडून पडली असेल तर 'गहाळ' म्हणून नोंद होते आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ही नोंद करता येते. बॅग पळवली असेल तर मात्र चोरीचा गुन्हा नोंदवायला सांगा. काम लवकर व्हावं म्हणून चोरीला गहाळ म्हणू नका. पुढे तुमच्या पासपोर्टचा किंवा कार्डाचा कुणी वापर केला, तर चोरीची तक्रार कुठे आहे असं विचारलं जातं.

तक्रारीत क्रमांक आणि तारखा नसतील तर तो दाखला पुढे फारसा कामाचा नाही. मजकूर असा ठेवता येईल:

'मी, (पासपोर्टवरील पूर्ण नाव), राष्ट्रीयत्व (देश), पासपोर्ट क्रमांक …, राहणार …, दि. … रोजी सायंकाळी ६ च्या सुमारास मध्यवर्ती बसस्थानक ते राजारामपुरी असा रिक्षाने प्रवास करत असताना माझे निवासी परवान्याचे मूळ कार्ड, क्रमांक …, जारी दि. …, वैध दि. … पर्यंत, माझ्याकडून गहाळ झाले आहे. शोध घेऊनही ते मिळून आले नाही. दुय्यम प्रत मिळवण्यासाठी दाखला मिळावा.'

कार्डाचा क्रमांक आठवत नसेल तर जुनी झेरॉक्स शोधा. बँकेच्या केवायसीत, गॅस जोडणीच्या अर्जात, मुलांच्या शाळेत, घरमालकाच्या भाडेकराराला जोडलेल्या कागदांत ती बहुतेक सापडतेच. नाव मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नको. ठाण्यातल्या कारकुनाला परदेशी नाव ऐकून लिहायला सांगू नका, पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवा आणि सही करण्याआधी वाचून घ्या. दाखल्याच्या शिक्का मारलेल्या तीन प्रती घ्या.

पोलीस अधीक्षक कार्यालय

कोल्हापूर जिल्ह्यात परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक. प्रत्यक्ष काम कसबा बावडा रस्त्यावरच्या त्यांच्या कार्यालयातली जिल्हा विशेष शाखा पाहते. इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल, सगळ्यांना हेच कार्यालय. निपाणीला राहणाऱ्यांना मात्र नाही. बाजारहाट कोल्हापुरात, नातीगोती कोल्हापुरात, पण पत्ता बेळगाव जिल्ह्यातला, म्हणून पोलीसही तिकडचे आणि पुढे जिल्हाधिकारीही तिकडचे.

दुय्यम आरपीचा अर्ज ई-एफआरआरओवरच भरायचा. सोबत सध्याचा पासपोर्ट, व्हिसाचं पान, पोलीस दाखला, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि नवरा-बायकोच्या नात्याचे कागद. भाड्याने राहत असाल तर इथे अडतं. घरमालकाने परदेशी व्यक्ती राहत असल्याची नोंद (जिला आतापर्यंत 'सी फॉर्म' म्हणत आले) केलेली नसते, आणि आता विचारलं तर तो घाबरतो. त्याला समजावून नोंद करून घ्या, करार नोंदणीकृत असेल तर उत्तम. लग्नानंतर घर बदललं असेल आणि कळवलं नसेल तर पत्ताबदलाचा अर्ज दुय्यम प्रतीच्या आधी करा. जुन्या पत्त्यावर नवं कार्ड मागितलं की पडताळणीला गेलेल्या पोलिसाला तिथे कुणीच भेटत नाही आणि अर्ज परत येतो.

एक्स व्हिसावर (भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्यांनी मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी मुदतवाढ टाकावी. दुय्यम प्रत आणि मुदतवाढ दोन्ही एकदम जवळ आली असतील तर शाखेत विचारून एकच अर्ज करता येतो का ते बघा.

नेपाळी सुनांना हे सगळं लागत नाही. १९५० च्या करारामुळे नेपाळी नागरिकांना व्हिसा नाही. त्यांनी वास्तव्याचे इतर पुरावे जमवण्याकडे लक्ष द्यावं. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांची दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वाट वेगळी आहे. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीखालचे अर्जही वेगळ्या संकेतस्थळावर जातात. तो फॉर्म चुकून भरू नका.

सात वर्षं मोजायची कशी

सर्वात जास्त अर्ज इथे आपटतात, म्हणून सावकाश वाचा. 'सात वर्षं' म्हणजे लग्नाला सात वर्षं नव्हे, आणि सलग सात वर्षंही नव्हे. अर्जाच्या लगेच आधीचे पूर्ण १२ महिने भारतात सलग राहिलेलं असावं लागतं. त्या १२ महिन्यांच्या आधीच्या ८ वर्षांत, तुकड्या-तुकड्यांत का होईना, एकूण ६ वर्षं भारतात काढलेली असावी लागतात.

समजा अर्ज १ जून २०२६ ला करायचाय. मग १ जून २०२५ ते ३१ मे २०२६ हे सलग वर्ष. त्याच्या आधीची ८ वर्षं म्हणजे १ जून २०१७ ते ३१ मे २०२५, एकूण २,९२२ दिवस. यातली सहा वर्षं म्हणजे साधारण २,१९२ दिवस भारतात हवेत, बाहेर राहण्याला सुमारे ७३० दिवसांची मुभा. कोविडमध्ये माहेरी अडकून पडलेल्यांचे ते महिने बाहेरचेच धरले जातात, हे कटू असलं तरी खरं आहे.

वहीत चार रकाने आखा: भारतातून निघाल्याची तारीख, परत आल्याची तारीख, बाहेरचे दिवस, आणि पासपोर्टच्या कोणत्या पानावर शिक्का आहे. जायचा आणि यायचा दिवस दोन्ही बाहेरचे धरा, म्हणजे वाद होत नाही. जुना पासपोर्ट रद्द होऊन घरी पडला असेल तर तो सोन्यासारखा जपा, निम्मे शिक्के त्यातच असतात. शिक्का पुसट असेल तर विमान तिकिटाचा ईमेल जोडा. शेवटच्या वर्षात दिवाळीला अठरा दिवस माहेरी जाऊन आलात तर सलगपणा मोडतो. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार या १२ महिन्यांत जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं, ती वेगवेगळ्या तुकड्यांतही चालते. पण ती मागून, कारण देऊन मिळवायची असते, हक्काने धरायची नसते. शक्य असेल तर त्या वर्षात सासरचं गाव सोडूच नका, माहेरच्यांना इकडे बोलवा.

आरपी हरवलेल्यांना या हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. मधल्या एखाद्या वर्षाचं कार्डच नसेल तर त्या काळातले मुदतवाढीचे आदेश, व्हिसाची स्टिकरं आणि पासपोर्टचे शिक्के एकत्र लावून वास्तव्य सलग दाखवता येतं.

नागरिकत्वाचा अर्ज

नागरिकत्व नियम, २००९ मध्ये या कलमासाठी फॉर्म तीन आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'इंडियन सिटिझनशिप ऑनलाइन' संकेतस्थळावर भरायचा, छापायचा, आणि कागदपत्रांसह नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. फॉर्म आठ भरू नका. तो दीर्घ वास्तव्यावरून नागरिकत्व देणाऱ्या कलम ६ चा, त्याला १२ महिन्यांव्यतिरिक्त आधीच्या १४ वर्षांतली ११ वर्षं लागतात आणि आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचं ज्ञानही दाखवावं लागतं. लग्नावरून अर्ज करणाऱ्याला भाषेची अट नाही.

मुख्य कागद पाच: मुदतीतला परदेशी पासपोर्ट, मुदतीतलं आरपी, जोडीदाराच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा, निबंधकाकडचं विवाह प्रमाणपत्र आणि शुल्काचं चलन. दुसऱ्या कागदासाठीच वरची सगळी यातायात. 'हरवलंय, अर्ज केलाय' अशी पोलीस दाखल्याची प्रत लावून फॉर्म पुढे ढकलू नका. त्रुटी लागते आणि फाईल तळाला जाते.

जोडीदाराचा पुरावा म्हणून आधार चालत नाही, आधार नागरिकत्वाचा पुरावा नाहीच. भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला द्या. जन्मदाखला ग्रामपंचायतीचा आणि त्यावर नाव नुसतं 'बाळ' असेल तर आधी नावाची नोंद करून घ्या.

विवाह प्रमाणपत्र मंगल कार्यालयाचं किंवा मंदिराचं चालत नाही. लग्न नोंदवलंच नसेल तर आधी नोंदवा. परदेशात लग्न झालं असेल तर त्या देशाचं अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचं साक्षांकन, लागतं. आणि नावांची गुंतागुंत बघा: पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर आपल्या पद्धतीप्रमाणे मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी आडनाव बदललेलं, आधारवर तिसरंच. कौतुकाने ठेवलेलं नवं नाव घरात खुशाल वापरा, पण कागदावर पासपोर्टचंच नाव ठेवा. फरक आधीच पडला असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

आता जी गोष्ट आपुलकीतून घडते आणि सगळ्यात महाग पडते ती. भागातला कार्यकर्ता निवडणुकीआधी घरातल्या सगळ्यांची नावं यादीत घालतो, त्यात सूनबाईंचंही घालतो. परदेशी नागरिकाचं नाव मतदार यादीत असणं बेकायदा आहे, आणि खोटं घोषणापत्र देणं हा गुन्हा आहे. पडताळणीत ते निघालं तर अर्जाची वाट अवघड होते. घरातलं कुणी मतदार यादी तपासा. नाव असेल तर वगळण्याचा फॉर्म सात भरा आणि त्याची पोच फाईलला ठेवा.

फाईल कुठून कुठे जाते

नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत अहवालासह अर्ज राज्य सरकारकडे आणि राज्याने पुढे ३० दिवसांत केंद्राकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागतो, तेव्हा दरम्यान व्हिसा आणि आरपीची मुदतवाढ चालू ठेवा. नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय म्हणून वास्तव्याची परवानगी आपोआप वाढत नाही.

पडताळणीला स्थानिक ठाण्याचा पोलीस आणि गुप्तवार्ता विभागाचा माणूस वेगवेगळ्या दिवशी येतो. घरात दोघंही असावेत. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'कुणास ठाऊक, फार दिसत नाहीत' असं एक वाक्य अहवालात जातं. जबाब मराठीत लिहिला जातो, अर्जदाराला वाचता येत नसेल तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

केंद्राचं स्वीकृतिपत्र येईपर्यंत मूळ देशाचं नागरिकत्व सोडू नका. उत्साहाच्या भरात आधी सोडलं तर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. पत्र आल्यावर त्या देशाच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणि उरलेलं शुल्क द्यायचं, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची, मग नोंदणी प्रमाणपत्र.

ज्यांचे दिवस भरत नाहीत किंवा मूळ पासपोर्ट इतक्यात सोडायचा नाही, त्यांनी ओसीआयचा, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवूनही भारतात राहू देणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा, विचार जरूर करावा. लग्न नोंदवून ते सलग दोन वर्षं टिकलेलं असावं, सुरक्षा मंजुरी मिळावी लागते, आणि पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व स्वतःचं, आई-वडिलांचं, आजी-आजोबांचं किंवा पणजी-पणजोबांचं कधीही असेल तर मिळत नाही. ओसीआय झाल्यावर पाच वर्षांनी, शेवटचे १२ महिने भारतात राहून, कलम ५(१)(जी) खाली नागरिकत्व मागता येतं. आरपीचा व्याप त्यात उरत नाही. मात्र लग्न मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय रद्द होऊ शकतं.

प्रमाणपत्र हातात आलं की आधी त्याच्या प्रती साक्षांकित करून ठेवा. मग भारतीय पासपोर्टचा अर्ज करा, कोल्हापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं आणि अपॉइंटमेंट इथल्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची घेता येते. मतदार नोंदणीचा फॉर्म सहा आता भरायचा, आधी नव्हे. बँकेत जाऊन राष्ट्रीयत्व बदलून घ्या. आणि जुना परदेशी पासपोर्ट दूतावासाला परत देण्याआधी शिक्क्यांच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा.